नवा संगणक कक्ष आणि वाटणीचे गणित

गेल्या पालक सभेत नव्या संगणक कक्षाचा विषय निघाला आणि सभागृहात एकदम उत्साह संचारला. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून तीस नवे संगणक घ्यावेत, तेही 'आठ कोअर'चे, असा बहुतेकांचा आग्रह होता. एका पालकांनी तर शेजारच्या इंग्रजी शाळेत त्याहूनही भारी यंत्रे आली आहेत, मग आपणच मागे का राहायचे, असा प्रश्न विचारला. विश्वस्त मंडळाने सर्वांची मते लेखी मागवली आहेत, म्हणून हे चार शब्द.

संगणक घेऊच नयेत असे मी म्हणत नाही. कक्षातली जुनी यंत्रे खरोखरच थकली आहेत. माझे म्हणणे एवढेच की सगळी देणगी यंत्रांवर खर्च करू नये. तीसऐवजी पंधरा यंत्रे घ्यावीत, दोन मुलांत एक, आणि उरलेल्या पैशांतून आठवी-नववीच्या मुलांना काम वाटून करण्याचे गणित शिकवण्याची सोय करावी. संगणकशास्त्रात याला समांतर अल्गोरिदम म्हणतात. अल्गोरिदम म्हणजे काम पायरीपायरीने करण्याची रीत, आणि समांतर म्हणजे ते काम अनेकांनी एकाच वेळी करणे. नाव जड आहे, पण विषय आपल्या घरातला आहे. पंगतीला वाढणाऱ्या प्रत्येकाला तो थोडाफार ठाऊक असतो.

आधी हे 'कोअर' म्हणजे काय ते पाहू, कारण मोबाइलच्या खोक्यावर 'ऑक्टाकोर' असे छापलेले असते आणि मुले ते मोठ्या अभिमानाने एकमेकांना सांगतात. कोअर म्हणजे आकडेमोड करणारा एक स्वतंत्र गणकघटक. पूर्वी संगणकात असा एकच घटक असे आणि दरवर्षी तो अधिकाधिक वेगवान होत जाई. १९७८ साली आलेली इंटेलची ८०८६ ही चिप ५ मेगाहर्ट्झवर चालत असे, तर २००४च्या अखेरीस पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे ७६० पट वेगाच्या ठोक्यावर पोचला. मग गाडी अडली. ठोका वाढवला की चिप इतकी तापू लागली की ती थंड ठेवणेच जड होऊन बसले. मे २००४ मध्ये इंटेलने आपली पुढची एक-कोअरची चिप सोडून दिली आणि २००५ पासून घरगुती संगणकांत दोन कोअरच्या चिपा येऊ लागल्या. त्यानंतरच्या वीस वर्षांत ठोक्याचा वेग दुप्पटही झालेला नाही. वाढली ती कोअरची संख्या. म्हणजे अनेक कोअर ही केवळ हौस म्हणून आलेली गोष्ट नाही. एकाला आणखी पळवता येईना, म्हणून अधिक जण कामाला लावले.

इथेच खरी मेख आहे. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने कामाची वाटणी केली नसेल, तर तो प्रोग्रॅम आठ कोअरच्या यंत्रावरही एकाच कोअरवर चालतो. त्या कामापुरते बाकीचे सात नुसते उभे असतात. यंत्र आपण होऊन वाटणी करून देईल, हा समज चुकीचा आहे. ती वाटणी माणसाने विचार करून करायची असते आणि त्या विचाराला सुरुवातीला संगणक लागतच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे पटांगणावर करून पाहा. चौसष्ट जणांनी वाटेल तसे एका रांगेत उभे राहायचे. काम असे, की रांग उंचीप्रमाणे लावायची. पी. टी.चे सर एकटे रांगेतून फिरत दोघादोघांची तुलना करत गेले, तर साध्या रीतीने त्यांना २०१६ पर्यंत तुलना कराव्या लागतील. आता सरांना बाजूला बसू द्या. पहिल्या शिट्टीला पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा अशा जोड्यांनी एकमेकांकडे पाहायचे आणि पुढे असलेला उंच असेल तर जागा बदलायची. दुसऱ्या शिट्टीला दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा अशा जोड्या. पुन्हा पहिल्यासारखे, पुन्हा दुसऱ्यासारखे. जास्तीत जास्त ६४ शिट्ट्यांत रांग लागलीच पाहिजे, मग सुरुवात कितीही उलटीसुलटी असो. गंमत अशी की एकूण तुलना मोजल्या तर ३२ वेळा ३२ आणि ३२ वेळा ३१, म्हणजे पुन्हा २०१६च भरतात. कष्ट तितकेच झाले, वेळ मात्र बत्तिसाव्या हिश्श्यावर आला.

याहून हुशार रीतही आहे. १९६८ साली अमेरिकेतील केन बॅचर यांनी अशी मांडणी दाखवली की चौसष्ट जणांची रांग २१ शिट्ट्यांत लागते आणि तुलनाही फक्त ५४३ होतात. मात्र त्यात केवळ शेजाऱ्याशी तुलना करून भागत नाही. कधी कधी रांगेतल्या बत्तिसाव्या जागेपलीकडच्या मुलापर्यंत धावत जावे लागते. धावायला वेळ लागतो, वाटेत एकमेकांना धक्के बसतात. मग २१ शिट्ट्यांची रीत खरोखर लवकर संपते का? ते पटांगण केवढे आहे आणि मुले किती वेगाने धावतात यावर अवलंबून आहे. संशोधक ज्याला बहुप्रक्रियक संगणकाची रचना म्हणतात तो प्रश्न मुळात हाच आहे. कोणता घटक कोणाशी तारेने जोडलेला आहे, माहिती इकडून तिकडे न्यायला किती वेळ जातो, आणि त्या जोडणीला कोणती रीत शोभते? आजच्या यंत्रांत बेरीज स्वस्त आणि वाहतूक महाग आहे. कागदावर उत्तम दिसणारी रीत यंत्रावर रडते, ती बहुधा या वाहतुकीपायी. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत रसाळ भाग वाटतो आणि आठवीच्या मुलाला तो धापा टाकत का होईना, पण नक्की कळेल.

'माणसे वाढवा म्हणजे काम लवकर होते' या समजुतीला १९६७ साली जीन ॲमडाल यांनी चाप लावला. ते साधेसुधे गृहस्थ नव्हते, आयबीएमच्या प्रसिद्ध सिस्टिम ३६० या संगणकाचे मुख्य रचनाकार होते. त्यांचे म्हणणे आपल्या गणेशोत्सवाच्या महाप्रसादावरून समजून घेऊ. समजा, एकट्या माणसाला दहा तास पुरेल एवढे काम आहे. त्यातला एक तास शिरा परतण्याचा. कढईपाशी एकच माणूस उभा राहू शकतो. उरलेले नऊ तास भाजी चिरणे, पुऱ्या लाटणे वगैरे, जे वाटून देता येते. नऊ माणसे लावली तर दोन तासांत उरकते. नव्वद लावली तर एक तास सहा मिनिटे. नऊशे लावली तर एक तास आणि छत्तीस सेकंद. शिऱ्याचा तास काही हटत नाही. दहा पटींहून अधिक वेग कधीच मिळणार नाही, मग माणसे किती का आणेनात. नऊशे माणसांना उभे करायला जागा कुठून आणायची, हा प्रश्न निराळाच.

पुढे बरीच वर्षे जाणकार या हिशेबाने थबकले होते. १९८५ साली ॲलन कार्प यांनी तर खुले आव्हान दिले, की खऱ्याखुऱ्या कामात समांतर यंत्राने २०० पट वेग मिळवून दाखवा आणि १०० डॉलर घेऊन जा. १९८८ साली सँडिया प्रयोगशाळेतील जॉन गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी १०२४ घटकांच्या यंत्रावर १००० पटींहून अधिक वेग दाखवला. त्यांनी ॲमडालना खोटे पाडले नाही, प्रश्न बदलला. मोठे यंत्र मिळाले की माणूस तेच काम लवकर उरकत नाही, तर मोठे काम अंगावर घेतो. पाहुणे वाढले, पुऱ्या दसपट झाल्या, कढई मोठी घेतली, पण शिऱ्याचा तास जवळपास तेवढाच राहिला. मग नव्वद माणसांना खरोखर काम मिळते. एकाच गणिताकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी नववीच्या वर्गात फळ्यावर अर्ध्या तासात मांडता येतात. आपल्या गणिताच्या बाईंना सांगून पाहावे, त्या माझ्याहून छान शिकवतील.

वाटणीत भांडणेही होतात. वर्गणीची एकच वही आहे आणि दोन कार्यकर्ते आहेत. दोघांनीही एकाच वेळी शिल्लक पाहिली, ५००० रुपये. दोघांकडे पाचपाचशे जमले होते. पहिल्याने ५५०० लिहिले, दुसऱ्यानेही ५५०० लिहिले. एक हजार आले आणि पाचशे नोंदवले गेले, तरी चोरी कोणीच केली नाही. संगणकात दोन घटक एकाच आकड्याला हात घालतात तेव्हा नेमके हेच होते, आणि ही चूक शंभरदा तपासूनही एकदाही दिसत नाही, मग एकशेएकाव्या वेळी दिसते. एका वेळी एकालाच वही हाती घेता येईल असा बंदोबस्त कसा करायचा, यावर हॉलंडच्या एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली मूलभूत काम केले. बंदोबस्तातूनही नवा घोळ होतो. एकाच्या हाती वही, दुसऱ्याच्या हाती कपाटाची किल्ली, आणि दोघेही दुसऱ्याने आपली वस्तू सोडण्याची वाट पाहत बसतात. आपल्याकडच्या संस्थांत अशी प्रकरणे संगणकाशिवायही चालतात, असो.

यंत्राआधी विचार आला, याचा सर्वांत सुंदर पुरावा हवामानशास्त्रात आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका विराट गोल नाट्यगृहाची कल्पना मांडली. भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, प्रत्येक भागापाशी बसलेले मानवी गणक, एकूण ६४,०००. जो तो आपल्या तुकड्याचे गणित करतो आणि उत्तर शेजाऱ्याला दाखवतो. मध्ये उंच खांबावर एक प्रमुख. जो भाग पुढे धावतो त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडतो त्यावर निळा. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मालाही आला नव्हता. कामाचे तुकडे, शेजाऱ्याशी देवघेव, सर्वांनी एका पावलाने चालणे, हे सर्व त्या चित्रात आहे. रिचर्डसनने स्वतः २० मे १९१० या दिवसाचे गणित हाताने करून पाहिले होते. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. तरी त्याने ते उत्तर लपवले नाही, ग्रंथात छापले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०२४ साली 'अर्का' हा महासंगणक आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे आणि एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १ वर १५ शून्ये इतकी आकडेमोड. तोही आकाशाचे तुकडे पाडून शेजाऱ्याशी देवघेव करत मान्सूनचे गणित करतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या 'इलियॅक ४' या यंत्रात २५६ घटक बसवायचे ठरले होते, बसले ६४. खर्चाचा अंदाज ८० लाख डॉलर होता, तो ३ कोटी १० लाखांवर गेला. १९७२ साली यंत्र नासाच्या केंद्रात पोचले, तरी त्यावर नीट काम व्हायला आणखी तीन वर्षे लागली. त्यातून शिकायला पुष्कळ मिळाले, हे खरे. पण आधी यंत्र आणि मग त्याच्याजोगे काम शोधा, ही चाल किती महाग पडते तेही दिसले.

आपल्या देशाची कथा मुलांना जरूर सांगावी. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली 'फ्लोसॉल्व्हर' हे समांतर यंत्र उभे राहिले. आपल्या हैदराबादेतच संरक्षण संशोधन संस्थेच्या 'अनुराग' या प्रयोगशाळेने विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे गणित करण्यासाठी 'पेस' हे यंत्र बांधले. किती पालकांना हे ठाऊक आहे? पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. शक्तिशाली महासंगणक परदेशातून सहजी मिळत नव्हते, म्हणून हा उद्योग करावा लागला, हे आपण वारंवार ऐकतो. त्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. परममधल्या चिपा आपण बनवल्या नव्हत्या. त्या ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या 'ट्रान्सप्युटर' नावाच्या चिपा होत्या आणि प्रत्येकीला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. ती चिप कोणालाही विकत मिळत होती. आपल्या मंडळींनी केले ते त्यांना एकमेकींशी जोडण्याचे आणि त्यांच्यात काम वाटण्याचे काम, आणि महासंगणक त्यातून झाला.

आणखी एक उदाहरण देतो. इलिनॉय विद्यापीठात प्रा. लक्ष्मीकांत काळे यांनी 'चार्म++' नावाची प्रोग्रॅमिंगची पद्धत विकसित केली. तिच्यातली कल्पना कोणत्याही शिक्षकाला पटेल. चारशे उत्तरपत्रिका चार शिक्षकांना शंभर-शंभर वाटल्या, तर एकाच्या वाट्याला लांबलचक उत्तरांचा गठ्ठा येतो आणि बाकीचे तिघे चहा पीत त्याची वाट पाहतात. त्याऐवजी दहा-दहांचे चाळीस गठ्ठे केले आणि जो मोकळा होईल त्याने पुढचा उचलावा असे ठरवले, तर कोणी रिकामे बसत नाही. माणसांपेक्षा तुकडे खूप जास्त करा आणि काम चालू असताना ते इकडून तिकडे हलवा, असे हे सूत्र. याच पायावर लिहिलेल्या, प्रथिनांच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या 'नॅमडी' या प्रोग्रॅमला २००२ साली गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले.

आता आक्षेप. 'हे बोर्डाच्या परीक्षेत येत नाही' असे काही पालक म्हणतील. बरोबर आहे, येत नाही. पण संगणकाच्या तासाला आज मुले काय करतात? अर्ज टाइप करतात, तक्ते रंगवतात, चित्रांची सादरीकरणे करतात. त्यासाठी आठ कोअर तर राहोच, जुन्या यंत्राचा एक कोअरही पुरे होतो. महागडी यंत्रे घेऊन त्यांच्यावर तेच करायचे असेल, तर देणगी देणाऱ्यांची ती थट्टा ठरेल. दुसरा आक्षेप नोकरीचा. मुलगा हायटेक सिटीत लागला पाहिजे, अशी प्रत्येक घरात इच्छा असते आणि त्यात गैर काही नाही. मात्र आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो बोलबाला आहे तोही हजारो घटकांच्या चिपांवर काम वाटून देण्याच्या कलेवर उभा आहे, आणि तिथे ज्याला वाटणी येते त्याची मागणी राहते.

तिसरा आक्षेप भाषेचा. 'असले विषय मराठीतून कसे शिकवणार?' असे आपल्याच एका विश्वस्तांनी मला विचारले. वर रांग, पंगत, वही, किल्ली, गठ्ठे या शब्दांत मी जे लिहिले ते आठवीतल्या मुलाला वाचायला द्यावे. त्याला कळले नाही तर दोष माझ्या लेखणीचा, मराठीचा नव्हे. प्रोसेसर, प्रोग्रॅम हे शब्द आहेत तसे घ्यावेत, त्यात कमीपणा नाही.

माझी सूचना नेमकी अशी आहे. शनिवारचा एक तास आठवी आणि नववीसाठी या विषयाला द्यावा. पहिले सहा महिने सगळे पटांगणावर, फळ्यावर आणि कागदावर करावे. दुसऱ्या सत्रात रास्पबेरी पायसारखे चार छोटे बोर्ड आणि एक नेटवर्क स्विच घेऊन मुलांनीच त्यांचा लहानसा समूह जोडावा आणि पटांगणावर केलेलीच कामे त्याच्यावर चालवून पाहावीत. एका बोर्डावर किती वेळ लागला, दोनांवर किती, चारांवर किती, याचा आलेख काढावा. चारांवर चौपट वेग आला नाही तर का आला नाही, ते मुलांनी शोधावे. दोन शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षणासाठी पाठवण्याचा खर्चही याच रकमेतून व्हावा. आपल्या पालकांत संगणक क्षेत्रात काम करणारे कमी नाहीत. महिन्यातून एक शनिवार देऊ शकतील त्यांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे. माझे नाव मी या लेखाबरोबरच दिले आहे.

विश्वस्त मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे. यंत्रांची दरपत्रके तिथे मांडली जातीलच. त्यांच्या शेजारी या तासाचाही खर्च मांडला जावा, एवढी विनंती.